एका माणसापुरता कायदा

पोहरादेवीच्या यात्रेत मानोऱ्याकडचे एक ओळखीचे काका भेटले. त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. काकांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलं होतं की अमेरिकेच्या संसदेने एका भारतीय मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी खास कायदा केला. काका म्हणाले, "मास्तर, हे खरं हाये का? आन् खरं असन तं आपल्या पोरासाठी कोनाले भेटा लागते?"

खरं आहे. पण त्या गर्दीत उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी इतिहासाचा मास्तर, वकील नाही. तेव्हा यात व्हिझाचा सल्ला शोधू नका. मला या प्रकरणात जे दिसलं ते वेगळंच आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या तांड्यांनी आधीच भोगलेलं आहे.

अमेरिकेत कायदे दोन तऱ्हेचे होतात. एक सगळ्यांना लागू असणारा, आपल्याला माहीत असलेला. दुसरा एका माणसाचं किंवा एका घराचं नाव घेऊन केलेला. त्याच्या शीर्षकातच असतं, 'अमक्याच्या दिलाशासाठी'. दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचा, राष्ट्राध्यक्षांनी सही करायची, क्रमांक पडायचा, सगळं रीतसर. त्याला तिकडे 'प्रायव्हेट लॉ' म्हणतात. आपल्याकडचं 'खासगी विधेयक' वेगळं, ते मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं असतं एवढंच. 'व्यक्तिगत कायदा' म्हणावं तर लोकांना लग्न-वारसाहक्काचे कायदे आठवतात. म्हणून मी आपला याला 'नावानिशी कायदा' म्हणतो.

काकांच्या मोबाइलवरची गोष्ट अशी. भारतातून शिकायला गेलेली मुलगी अपघातात कायमची अपंग झाली. सांभाळायला आईवडील गेले. त्यांच्या तिथे राहण्याला कायद्याच्या कुठल्याच खणात जागा नव्हती. तिच्या भागातल्या लोकप्रतिनिधीने तिघांच्या नावाने विधेयक मांडलं आणि २०२२ च्या डिसेंबरअखेर त्याचा कायदा झाला. नावं मी लिहीत नाही. ती सरकारी दप्तरात आहेत, पण त्या घराने सोसलं ते पुरेसं आहे.

असल्या कायद्यांचा मसुदा वाचण्यासारखा असतो. पानभराचा. इतर कायद्यांत काहीही म्हटलेलं असलं तरी या माणसाला कायम वास्तव्याचा अर्ज करता येईल, हे पहिलं कलम. मग शुल्क भरायची आणि अर्जाची मुदत. पुढे एक कलम असतं तिथे मी थबकलो. या माणसाला व्हिझा दिला की तो ज्या देशात जन्मला त्या देशाच्या वाट्याच्या व्हिझांमधून तेवढा आकडा कमी करायचा, असा परराष्ट्रमंत्र्यांना आदेश. तिघांना दिले तर तीन वजा. आणि शेवटी बहुधा हेही असतं की या सवलतीमुळे त्याच्या आईबापांना किंवा भावंडांना कुठलाही हक्क मिळणार नाही.

म्हणजे बघा. दया दाखवली अमेरिकेच्या संसदेने, तिचा खर्च पडला रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणा भारतीयावर. वजाबाकी मुख्यतः नात्यागोत्याच्या व्हिझांमधून होते. तिथे नागरिक झालेल्या भावाने बोलावलेला बहीण-भाऊ भारतातून गेला तर दीड-दोन दशकं थांबतो, त्या रांगेतून. काकांच्या मुलाची रांग वेगळी, नोकरीची. तिथेही १९९० च्या कायद्याने एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, मग तो देश दीड अब्जाचा असो की दीड लाखाचा. तीन व्हिझांनी कुणाचं काही बिघडत नाही हे खरं. पण कायद्याने ते तीन मोजले, सोडले नाहीत.

ही चाल अमेरिकेत फार जुनी. तिथल्या राज्यघटनेत नागरिकाला सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे आणि पहिल्या संसदेपासून लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन थेट प्रतिनिधींकडे जात आले. त्यांच्या यादवी युद्धानंतर जखमी शिपाई आणि विधवांच्या पेन्शनी अशाच एकेक कायद्याने मंजूर व्हायच्या. ग्रोव्हर क्लीव्हलंड नावाचे राष्ट्राध्यक्ष रात्री जागून ही बिलं वाचायचे म्हणतात. त्यांनी शेकडो फेटाळली. १९०५ ते १९०७ या दोन वर्षांच्या संसदेत सहा हजारांवर नावानिशी कायदे झाले, आणि सगळ्या देशाला लागू होणारे आठशेसुद्धा नाहीत. जिल्हा परिषदेच्या सदस्याने विहिरीच्या अनुदानाच्या फाइली हलवाव्यात, तसं काम झालं होतं ते.

परदेशातून येणाऱ्यांचा भाग यात नंतर आला, कारण आधी दार बंदच नव्हतं. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना बंदी केली, त्यात आपण आलो. १९२४ ला देशवार कोटे ठरले. नियम जितका कडक तितकी सूट मागणाऱ्यांची गर्दी जास्त, हे कुठेही तसंच.

मधे एक प्रकरण सांगतो, ते संसदेचं नाही, कोर्टाचं आहे, पण फरक समजायला उपयोगी पडेल. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेलिसमधले वकील, १९१४ पासून नागरिक. त्यांच्यावरही दावा पडला. ते स्वतःच लढले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्हीच मला नागरिक केलंत, त्या भरवशावर मी मायदेशातलं सगळं सोडलं, वकिली उभी केली, लग्न केलं, घर घेतलं. आता 'आमचं चुकलं' म्हणून तुम्ही हात झटकू शकत नाही. कोर्टाने मानलं आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. मग सरकारने इतर भारतीयांवरचे उरलेले दावेही सोडून दिले. एक माणूस स्वतःपुरता लढला, पण त्याच्या मागून बाकीचे सुटले. नावानिशी कायद्यात असं होत नाही. तो दाखला म्हणून वापरता येत नाही. दुसऱ्याचं दुखणं तंतोतंत तेच असलं तरी त्याने पुन्हा पहिल्यापासून कुणीतरी गाठायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बिलांचा पूर आला. १९६७ ते १९६९ च्या संसदेत स्थलांतराची सात हजारांवर बिलं मांडली गेली, कायदे झाले दोनशेच्या आसपास. मग बाकीची कशाला मांडली? त्यात खरी गोम आहे. समितीने बिलावर खात्याचा अहवाल मागवला की तो येईपर्यंत त्या माणसाला देशाबाहेर काढायचं नाही, असा रिवाज होता. बिल मंजूर होवो न होवो, मांडलं की दोन वर्षं निघाली. जहाजावरून उतरून पसार झालेल्या खलाशांसाठी शेकड्याने बिलं पडू लागली. पैसे कुठून कुठे जातात याच्या चौकशा झाल्या. १९८० च्या सुमाराला तर अमेरिकेच्या पोलिसांनी खोटा अरब शेख उभा केला. शेखसाहेबांना अमेरिकेत राहायचंय, त्यांच्या नावाने बिल मांडाल का, किती घ्याल, असं विचारत हिंडले, आणि कॅमेरे चालू ठेवले. सहा प्रतिनिधी आणि एक सिनेटर शिक्षेला पात्र ठरले. आपल्याकडे टीव्हीवाले स्टिंग करतात, तिथे सरकारी खात्यानेच केलं.

त्यानंतर सगळ्यांनी हात आखडता घेतला. आता दोन-दोन वर्षांच्या संसदेत असे कायदे कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. मंजूर व्हायची रीतही अशी की दोन सदस्यांनी 'हरकत' म्हटलं तरी बिल परत समितीकडे. त्यामुळे ज्याच्याबद्दल कुणाचंच दुमत होणार नाही असाच माणूस त्यातून पार पडतो. आजारी, अनाथ, किंवा शहीद सैनिकाची बायको. फक्त गरीब आणि कष्टाळू असून भागत नाही.

आणि नाव घेऊन वाचवता येतं तसं नाव घेऊन बुडवताही येतं. जगदीश राय चढ्ढा यांची गोष्ट त्यासाठी ऐका. जन्म केनियातला, आईबाप भारतीय, हातात ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ ला अमेरिकेत शिकायला गेले. १९७२ ला व्हिझा संपला. केनिया म्हणे हा आमचा नाही, ब्रिटन म्हणे सध्या नको. म्हणजे जायचं कुठे? स्थलांतराच्या न्यायाधीशाने सगळं तपासून त्यांची हकालपट्टी थांबवली. पण तेव्हाच्या कायद्यात असं होतं की अशा सुटकांची यादी संसदेकडे जायची आणि दोनपैकी एका सभागृहाने नुसता ठराव करूनही कुणाचं नाव खोडता यायचं. १९७५ च्या डिसेंबरात ३४० नावांची यादी होती. त्यातली सहा खोडली गेली, एक चढ्ढांचं. ठराव छापलेला नव्हता, सदस्यांच्या हातात नव्हता. चर्चा नाही, मतमोजणी नाही. सभागृहातल्या बहुतेकांना आपण कुणाला देशोधडीला लावतोय याचा पत्ता नसणार.

चढ्ढा लढले. २३ जून १९८३ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला की एका सभागृहाच्या ठरावाने असं करता येणार नाही. कायदा करायचा तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्ष, सगळी वाट चालली पाहिजे. त्या एका निकालाने अमेरिकेच्या जवळजवळ दोनशे कायद्यांमधली तशी कलमं लटकी पडली. तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला पाठ असतो. पण मला त्यातलं न्यायमूर्ती पॉवेल यांचं वेगळं निकालपत्र जास्त पटतं. त्यांचा मुद्दा असा की एक विशिष्ट माणूस एका विशिष्ट नियमात बसतो की नाही हे ठरवणं म्हणजे न्यायनिवाडा, आणि तो बहुमताने करायचा नसतो. हा मुद्दा दिलाशाच्या कायद्यांनाही लागू पडतो, पण तिथे कुणी तक्रार करत नाही. दान मिळालेला कशाला कोर्टात जाईल?

आता कुणी म्हणेल, अमेरिकेची उणीदुणी काढून आपल्याला काय. तर आपल्याकडे वळू.

एकाच्या नावाने कायदा आपल्या संसदेला करता येतो का, हा प्रश्न घटना लागू झाल्याच्या वर्षीच आला, आणि तो आपल्या सोलापूरनेच आणला. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १९४९ ला बंद पडली. १९५० मध्ये केंद्राने त्या एका गिरणीचं नाव घालून कायदा केला आणि कारभार ताब्यात घेतला. चरणजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. सगळ्यांना समान कायदा असताना एकट्या या गिरणीलाच का? तीन विरुद्ध दोन मतांनी ते हरले. एकटी कंपनीही स्वतःचा एक वर्ग असू शकते, असं बहुमत. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री विरोधात होते. बाकीच्यांपासून वेगळं का काढलं याचा मापदंड न सांगता कायदा एकाचंच नाव घेतो, हेच त्यांना खटकलं. पंचाहत्तर वर्षं झाली, मी त्या दोघांच्या बाजूचा आहे. पण कायदा बहुमताचाच आहे.

परदेशी माणसाबाबत मात्र आपण संसदेला त्रास दिला नाही, सूट द्यायचा अधिकार सरकारच्या हातात ठेवून दिला. परकीय नागरिकांबाबतच्या १९४६ च्या कायद्यात नंतर ३-अ कलम घातलं, की केंद्र सरकार कुणाही एका परदेशी व्यक्तीला या कायद्याच्या तरतुदींतून वगळू शकेल. तो कायदा २०२५ ला गेला, नवा आला. नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्यात सहावं कलम आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा मानवी प्रगती यांत विशेष सेवा केलेली असेल तर नागरिकत्वाच्या सगळ्या किंवा काही अटी माफ. गायक अदनान सामी २००१ पासून मुंबईत होते. २०१५ ला त्यांच्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली आणि तो नवा करून मिळाला नाही. केंद्राने आधी मानवतेच्या कारणाने राहू दिलं आणि १ जानेवारी २०१६ पासून नागरिक करून घेतलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. माणूस गातो चांगला. पण त्याच वेळी नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी घरं वर्षानुवर्षं मुदतवाढीच्या व्हिझावर काढत होती. दुकानात बसणारी, शिवणकाम करणारी माणसं. त्यांची कला सहाव्या कलमात बसत नव्हती. त्यांना जे हातभर बळ मिळालं ते २०१६ अखेरच्या अधिसूचनेने, नागपूरसकट काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अर्ज निकाली काढायचा अधिकार मिळाला तेव्हा. तेही अमुक धर्म आणि अमुक देश असेल तरच.

याउलट गोव्याचं बघा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि २८ मार्च १९६२ ला केंद्राने एक आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जो स्वतः जन्मला किंवा ज्याचे आईबाप, आजी-आजोबा जन्मले, तो भारताचा नागरिक. अर्ज नको, वशिला नको. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात लेखी 'नको' म्हणायचं. इथे उलटी बाजू मांडली होती, बरं का. सुटण्यासाठी नाही, बाहेर राहण्यासाठी नाव द्यायचं. मोन्तेरो नावाच्या पाद्रींनी ते दिलं. जन्म गोव्याचाच, पण पोर्तुगीज राहायचं ठरवलं. नंतर राहायचा परवाना वाढवून घेतला नाही, खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या म्हाताऱ्या पाद्रींच्या हट्टाबद्दल मला थोडा आदरच आहे. पण एका फटक्यात लाखो माणसं कुणाच्या पाया न पडता नागरिक झाली, हे त्या आदेशाचं मोठेपण.

अमेरिकेतही तसली एक वाट होती. १९२९ च्या कायद्याने ठरवलं की १९२१ च्या जूनआधीपासून जो देशात आहे, कागद नसला तरी चालचलन नीट आहे, त्याला नोंद करून कायम राहता येईल. मग ती तारीख पुढेपुढे सरकत गेली, १९२४, १९४०, १९४८. १९८६ ला ती १ जानेवारी १९७२ वर आणून ठेवली आणि तिथेच अडकली. आज चाळीस वर्षं तिथेच आहे. ही तारीख सरकवणं सात हजार बिलांपेक्षा सोपं काम आहे. पण तारीख सरकवल्याचा फोटो काढता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाशेजारी प्रतिनिधीचा फोटो येतो.

आता तांड्याकडे येतो. पोहरादेवीच्या वाटेवर हे सगळं डोक्यात घोळत होतं ते एवढ्याचसाठी.

वऱ्हाड पोलिसात कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं, ते पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात घेतलं. त्यात भंगी आणि जंगी या दोन नायकांची हकिकत आहे. आपल्या जुन्या माणसांना ती तोंडपाठ असते. शहाजहानच्या काळात, १६३० च्या सुमारास, वजीर आसफखान दख्खनवर चालून आला तेव्हा रसद वाहायला हे नायक बरोबर होते. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते म्हणतात. एवढी जनावरं फौजेच्या पावलाला पाऊल लावून चालवायची म्हणजे वाटेत चारा-पाणी कुठून आणायचा? बैल गावात घुसायचे, लोक कज्जे करायचे. तेव्हा वजिराने ताम्रपट दिला. जिथे वजिराचे घोडे तिथे या दोघांचे बैल. रांजणातलं पाणी त्यांचं, छपराचं गवत त्यांचं, आणि दिवसाला तीन खून माफ.

खुनांचा आकडा किती खरा मानायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात ताम्रपटाची रचना दिसते. नावानिशी दिलेली सूट, हव्या तिथे फिरायची मुभा, इतर कायद्यांत काहीही म्हटलेलं असो. आणि छप्पर कुणाचं होतं? वाटेवरच्या कुणब्याचं. पावसाळ्याआधी शाकारलेलं गवत बादशाही बैलांनी खाल्लं तर त्याने कुणाकडे जायचं, हे पटावर नव्हतं. आपल्या समाजात या ताम्रपटाचा अभिमान आहे, मलाही आहे. पण आठवण ठेवायची तर त्या छपराचीही ठेवावी.

शिवाय तो पट दोन नायकांना होता, गोरमाटीला नव्हता. बैलांची गरज संपली की काय झालं ते माहीत आहे. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणीचा धंदा दहा-वीस वर्षांत बसला. १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ ला तो सगळ्या देशात नेता येईल असा केला, १९२४ ला पुन्हा घट्ट केला. एखादी जमात एकदा जाहीर झाली की तिच्यात जन्मलेला माणूस बोटांचे ठसे, हजेरी, आणि गाव सोडायचं तर पास, या चक्रात आला. देश तोच, पण दुसऱ्या तालुक्यात जायला व्हिझा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांत बंजारा आहे, ते त्याच काळाचं देणं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

त्या कायद्यातही सुटीची सोय होती, हे फार जणांना माहीत नसतं. जिल्हा दंडाधिकारी कुणाही एकाला नोंदणीतून वगळू शकत होता, आणि वाटेल तेव्हा ती सूट रद्दही करू शकत होता. ज्याला सूट हवी त्याने साहेबाला दाखवायचं की मी माझ्या भावांसारखा नाही. या एका ओळीने तांड्यातांड्यांत काय केलं असेल, विचार करा. अमेरिकेच्या संसदेपुढे उभं राहणाऱ्या आजच्या माणसालाही हेच दाखवावं लागतं की रांगेतल्या इतरांहून माझं दुःख वेगळं आहे. काकांच्या मुलाचं वेगळं नाही. त्याचं तर दुःखच हे आहे की ते लाखो जणांसारखं आहे. म्हणून त्याच्यासाठी भेटायला कुणी नाही. झालाच तर सात टक्क्यांचा नियम बदलेल, आणि तो बदलला तर त्याच्याबरोबर सगळ्यांसाठी बदलेल.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. त्या दिवशी कुणाच्याही नावाने सूट निघाली नाही, हजेरीचं पुस्तकच मिटलं. तांडे आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. आपला विदर्भ त्या वेळी मुंबई राज्यातच होता. त्यातही नोंदवही आहे, बोटांचे ठसे आहेत, राहण्याचं ठिकाण बदललं तर कळवायचं आहे. फक्त नोंद आता जमातीची होत नाही. एकेका माणसाची होते, नावानिशी.